सात शनिवार

मुगभाट, गिरगाव
१४ फेब्रुवारी १९६०

प्रिय नलू,

शाळेच्या मागच्या नळावर आपण दोघी ब्रश धूत उभ्या असायचो, आठवतं? तू हळूच तुझा ब्रश माझ्या वाटीत बुचकळायचीस, माझं पाणी गढूळ व्हायचं, मी ओरडायचे, वरून सिस्टर टाळी वाजवायच्या आणि शिक्षा दोघींना व्हायची. त्या नळावर कधी काही विशेष घडलं नाही. तरी आज सकाळी मोरीत रंगाची वाटी धुताना मला उगीचच वाटलं, की आता बाजूने तुझा ब्रश येणार.

तर मी मुंबईत आहे. इंदूरच्या शाळेतली ड्रॉइंगची नोकरी सोडली. पंचवीस वर्षं मुलींकडून फुलदाण्या काढून घेतल्या, पुरे झालं. तीन महिने दत्तूदादाकडे राहणार आहे. तुला तो आठवत असेल, माझा चुलतभाऊ दत्ताराम, आपल्या गल्लीच्या गणेशोत्सव मंडळाचा चिटणीस. अजूनही तोच चिटणीस आहे. छप्पन साली संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगातही जाऊन आला, त्यामुळे आता त्याला कोणी बदलू शकत नाही.

मी चोरबाजारातून एक फौजी पाठपिशवी घेतली आहे. तीत वही, रंग, पाण्याची बाटली आणि दशम्या. रोज सकाळी ती पाठीला लावून पायी निघते. दादा म्हणतो, "काय गं, एव्हरेस्ट कुठल्या गल्लीत आहे?" मोठमोठ्या हॉलमधली चित्रं मला बघायचीच नाहीत. त्या हॉलमध्ये ज्यांना कोणी उभं करत नाही, त्यांची चित्रं शोधते आहे. काल कुलाब्याच्या कोळीवाड्यात होड्यांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंग चढवणारा म्हातारा भेटला. आज ठाकूरद्वारला पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत चार तरुण पोरांनी गॅलरीत कपड्यांच्या तारेवर चिमटे लावून चित्रं टांगली होती. सगळ्यांवर पिठाचा पातळ थर. "आमची शैलीच ती आहे, मावशी," एक म्हणाला. शेजारच्या काकू बराच वेळ एका चित्रापुढे उभ्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "बाळा, चित्र राहू दे. माझी चादर कुठे वाळत घालू ते सांग."

तू असतीस तर किती हसलो असतो. तुझ्यासाठी काय बघू, सांग. पायांना काम नाही.

तुझी,
कौसल्या


बेळगाव
२३ फेब्रुवारी १९६०

प्रिय कौसल्या,

तुझं पत्र शामरावांना दोनदा वाचून दाखवलं. अर्धांगाला दोन वर्षं झाली. बोलणं अजून अडखळतं, पण चादरीपाशी हसले. मला त्यांना सोडून एक दिवसही कुठे जाता येत नाही. तक्रार करत नाही, फक्त सांगते. दुपारी ते झोपले, की मी मनातल्या मनात ठाकूरद्वारच्या नाक्यापासून चालायला लागते. दुकानं ओळीने आठवतात आणि मग मध्येच एक आठवत नाही. तिथेच अडकून बसते. फडके यांच्या औषधांच्या दुकानानंतर काय होतं गं?

काय बघू म्हणतेस, तर एक आहे. आपल्या गल्लीच्या गणपतीमागे एका वर्षी सरस्वतीचा पडदा होता. आपण मॅट्रिकच्या वर्गात होतो. तो काढणाऱ्याचं नाव भिवा. पुढे तो लालबाग-परळकडे गेल्याचं ऐकलं होतं. तो माणूस असेल का, आणि तो पडदा कुठे राहिला असेल का, एवढं कळलं तर बरं वाटेल. सहज वेळ मिळाला तरच.

तिकडे तुमचं राज्य आता होणार म्हणतात. आम्ही मात्र म्हैसूरमध्येच राहणार.

तुझी,
नलू


मुगभाट
१० मार्च १९६०

प्रिय नलू,

औषधांच्या दुकानानंतर छत्रीवाला. अजून आहे.

तुझा भिवा सापडल्यात जमा आहे! आधी दादरला सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्यांकडे चौकशी केली. शिडीवरच्या एकाने नायिकेच्या भुवईतून मान न वळवता सांगितलं, "पडदेवाले? लालबाग. राजारामला विचारा." गेले.

एका चाळीमागे पत्र्याची शेड. कामगारांच्या कलापथकांचे पडदे तिथे होतात. दारातच आवाज आला, "कोण पायजे, बाई?"

म्हटलं, "पडदे बघायला आले."

"बघा. तिकीट नाय. चपला तेवड्या भायेर काडा."

हा राजाराम. मालवणकडचा, पोट सुटलेला, कानावर ब्रश. मिलमधून आलेले कापडाचे तुकडे जोडून पडदा शिवतात, भुकटीचे रंग गरम सरसात कालवतात आणि जमिनीवर पसरून, पडद्यावरच चालत चालत रंगवतात. खेळ बदलला, की तोच पडदा सोड्याच्या पाण्याने धुवायचा आणि त्यावर नवीन चित्र. माझ्यासमोर एक आख्खा राजवाडा दहा मिनिटांत मोरीतून वाहून गेला. मला हळहळ वाटली, तर राजाराम म्हणतो, "रडताव कित्याक? कापड खय गेला? ता आसाच."

सध्या एक मेच्या समारंभासाठी महाराष्ट्राचा भला मोठा नकाशा चालला आहे. त्यात बेळगाव आहे, नलू! कोणीतरी हटकलं, तर तो म्हणाला, "सरकारान काय करूचा ता करूंदे. माज्या पडद्यार बेळगाव आसा." मी तिथे बोट लावून आले. रंग ओला होता.

मग भिवाचं विचारलं. राजारामने ब्रश खाली ठेवला. "भिवा मास्तर? माका ब्रश धरूक त्यांनीच शिकयला. पण ते आता देव काडनत नाय हां. छप्पनात दीक्षा घेतल्यापासून." तेव्हा मला गल्लीतलं ते जुनं बोलणं आठवलं आणि मी हसत हसत सांगितलं, "अहो, त्यांनीच ना आमच्या मैत्रिणीचा चेहरा चोरून सरस्वतीला लावला होता? केवढा गहजब झाला होता आमच्या गल्लीत!" मला वाटलं, इतकी वर्षं झाली, गमतीने सांगायला काय हरकत आहे. तर कोपऱ्यात कापड शिवणारा एक तिशीचा माणूस उठला, सुई कापडात टोचली आणि बाहेर निघून गेला. राजाराम म्हणाला, "बाई, तो आनंदा. मास्तरांचो झील." म्हणजे मुलगा.

मला जरा अवघडल्यासारखं झालं. पण खोटं तर काही बोलले नाही. पत्ता मिळाला आहे, परळला राहतात. पुढच्या आठवड्यात जाते.

तुझी,
कौसल्या


बेळगाव
१५ मार्च १९६०

कौसल्या,

तू खोटं बोललीस. तुझा दोष नाही, ते खोटं माझं होतं.

त्याने चेहरा चोरला नाही. मी बसले होते. सात शनिवार.

तुला सांगायचे की मी शिवणाच्या वर्गाला जाते. मी जात होते गल्लीच्या टोकाच्या पेंटरच्या कारखान्यात. मालकीणबाई, गंगुबाई, तिथेच तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या. त्यांनीच मला विचारलं होतं, "बसतेस का गं? देवीला बरा चेहरा मिळेना." भिवा तिथे कामाला होता. बाविशीचा असेल. माझ्याशी काही वावगं बोलला नाही. खरं तर बोललाच नाही. "मान जरा डावीकडे," एवढंच. एकदा मला हसू आवरेना, तर त्याने ब्रश ठेवून दिला आणि माझं हसणं संपेपर्यंत भिंतीकडे बघत बसला. कौसल्या, त्याआधी आणि त्यानंतर माझ्याकडे इतकं नीट कोणी पाहिलेलं नाही. एवढंच होतं. प्रेम म्हणावं, तर तेही नाही. पण मी सबंध आठवडा शनिवारची वाट बघायचे.

चतुर्थीला पडदा लागला आणि आत्याने ओळखलं. बाबांनी मला मंडपासमोर, सगळ्यांच्या देखत विचारलं, "तू बसली होतीस?" आणि तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, की काढणारा महार आहे. मला बाबांचा चेहरा दिसला. मी म्हटलं, "मला काही माहीत नाही. कुठून तरी लपून बघितलं असेल." भिवा चार हातांवर उभा होता. गंगुबाईंनी मान खाली घातली. तुझ्या दादाने मंडपाच्या पायरीवर उभं राहून त्याला चोर म्हटलं, पडदा ओढून खाली काढला आणि त्याच्या अंगावर फेकला. गिरगावात त्याला पुन्हा कोणी काम दिलं नाही. दिवाळीनंतर माझं लग्न झालं.

चौतीस वर्षं मी हे कोणाला सांगितलेलं नाही. शामरावांनाही नाही. आणि आता माझंच खोटं तू त्याच्या मुलासमोर जाऊन बोललीस. तू लगेच जा. खरं काय ते सांग. पडदा वगैरे काही नको मला.

नलू


परळ, पोस्टकार्ड
२० मार्च

नलू, गेले होते. आनंदाने दार अर्धंच उघडलं. "आई घरात नाही, बाबा घरात नाहीत." आतून भांडी वाजत होती. मी उंबऱ्याबाहेरूनच म्हटलं, की मी चूक बोलले, माफ करा. तो म्हणाला, "बाई, तुम्ही कशाला माफी मागता? तुम्ही ऐकलेलं बोललात." दार लावलं. पुन्हा जाईन. तुझ्यावर मी रागावलेली नाही, पण आज जास्त लिहवत नाही. – कौ.


मुगभाट
११ एप्रिल १९६०

प्रिय नलू,

मध्ये तीन आठवडे गेले. त्यात मी चारदा परळला गेले. चौथ्यांदा दार पूर्ण उघडलं, कारण त्यांना माणसं हवी होती. चौदा तारखेच्या जयंतीच्या मिरवणुकीसाठी बुद्धाचं मोठं चित्र चाललं होतं आणि ओलं कापड तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत ताणून धरायला हात कमी पडत होते. एक बाई गॅलरीतून ओरडल्या, "ए पिशवीवाल्या बाई, आलाच आहात तर कोपरा धरा!" मी धरला. तासभर धरला. त्या भिवांच्या पत्नी, सुभद्राबाई.

काम संपल्यावर त्यांनी विचारलं, "आमच्याकडचा चहा चालेल ना?" विचारलं साधंच, पण बघत होत्या माझ्या हाताकडे. मी दोन कप प्यायले.

भिवा उंच आहेत, थोडे वाकलेले. कानाने कमी ऐकतात. मी तुझं सगळं सांगितलं. गंगुबाई, तांदूळ, शनिवार. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "सातच. आठव्या शनिवारी पाऊस होता, त्या आल्या नाहीत. हात मी अंदाजाने पुरे केले."

मी म्हटलं, "नलूला तुमची क्षमा मागायची आहे."

ते म्हणाले, "मला कशाला सांगता? मी तिथंच होतो. मला ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगा."

सुभद्राबाई इतका वेळ कप विसळत होत्या. त्या थांबल्या. मग बोलायला लागल्या ते मला जसंच्या तसं लिहायचं आहे.

"आमचं लग्न ठरलं, तवा माझ्या बापाला कोणी तरी येऊन सांगितलं, पोरगा चोरून बायका बघतो आन् चितारतो. बाप म्हणाला, चितारू दे, हाताला काम आहे ना. पण माझ्या मनात ते बसलं. बाई, तीस वर्षं झाली, सकाळी नळाला पाणी येतं, बायाबापड्या खाली जमतात, त्या टायमाला मी या माणसाला गॅलरीत उभं राहू दिलं नाही. कायम आत. 'आत बसा.' एकदा म्हणाले, मी तसला नाही. मी म्हटलं, तर मग ती बाई कशाला खोटं बोलेल, एवढ्या मोठ्या घरची? परत कधी बोलले नाहीत. आत बसले."

भिवा म्हणाले, "सोड गं."

"काय सोड? तीस वर्षं!" आणि कप जोरात पालथा घातला.

तेव्हा आनंदाने पलंगाखालून गुंडाळी काढली. पडदा आहे, नलू. पूर्ण नाही, मधला भाग. छप्पन साली चाळीतल्या सगळ्यांनी घरातले देव बाहेर काढले, दादरच्या समुद्रात सोडले. सुभद्राबाई म्हणाल्या होत्या, ही पण सरस्वती, हिलाही सोडा, चांगली सुटका होईल. भिवांनी त्या दिवशी सोड्याचं पाणी केलं आणि दिवसभर पडद्यापाशी बसले. मुकुट धुतला. मोर धुतला. वीणा धुतली. मागचे दोन हात धुतले. "देव काढून टाकला," ते म्हणाले. "माणूस ठेवला. माणसाला बाहेर काढायला कोणी सांगितलं नव्हतं."

तू सतरा वर्षांची आहेस. मान जरा डावीकडे. दोन्ही हात वीणा धरल्यासारखे वाकलेले, आणि त्यात काहीच नाही. शेजारची पोरं म्हणतात, बाई वाटाणे सोलते. सुभद्राबाई म्हणतात, शेवया वळते.

आनंदा म्हणाला, "त्यांना हवा असेल तर घेऊन जा." सुभद्राबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, की मी लगेच म्हटलं, नलूला विचारते.

घरी येऊन दत्तूदादाला सांगितलं. तो जेवायचा थांबला. मग म्हणाला, "चौतीस वर्षांपूर्वीचं उकरून कोणाचं भलं होणार? ऐन एक मेच्या तोंडावर?"

मी म्हटलं, "दादा, चोर हा शब्द तुझा होता."

"तिने सांगितलं म्हणून म्हटलं ना मी!"

"आणि तिने सांगितलं नसतं, तर त्याला विचारलं असतंस?"

पुढचं जेवण दोघांनाही गेलं नाही. हात धुताना तो म्हणाला, "लेखी आण. मंडळाचं काम तोंडी होत नाही." हे टाळणं आहे का कबूल होणं, मला अजून कळलेलं नाही.

तू काय करायचं ठरवतेस ते कळव. पडदा आणू का? मी बेळगावपर्यंत पाठीवर घेऊन येईन.

तुझी,
कौसल्या


बेळगाव
२६ एप्रिल १९६०

प्रिय कौसल्या,

तुझं पत्र मी इतक्यांदा उघडलं, की घड्या फाटल्या. पडद्याचं वाचलं तेव्हा पहिलं मनात आलं, आण. माझ्या भिंतीवर लाव. मला ती मुलगी बघायची आहे, जिच्याकडे कोणी तरी इतकं लक्ष देऊन बघत होतं. दोन दिवस मी खरंच भिंतीवर जागा शोधत होते.

मग सुभद्राबाई आठवल्या. नळाच्या पाण्याची वेळ झाली, की "आत बसा" म्हणणाऱ्या. मी ज्याची वाट बघत जगले, त्याची किंमत त्यांनी रोज सकाळी दिली. पडदा मी मागणार नाही. तो ठेवायचा, धुवायचा की त्यावर दुसरं काही काढायचं, ते त्यांनी ठरवावं. मी बघायला येऊ शकले असते तर आले असते. तू मला लिहून दाखवलंस, तेवढं माझ्यापाशी आहे.

सोबत एक मजकूर पाठवते. चार प्रती केल्या आहेत, चारही माझ्या हस्ताक्षरात. मजकूर असा:

"मी नलिनी शामराव नाडकर्णी, माहेरची तेलंग, मुगभाट, गिरगाव. १९२६ साली गल्लीच्या गणेशोत्सवातल्या सरस्वतीच्या पडद्यासाठी मी सात शनिवार स्वखुशीने भिवा पेंटर यांच्यासमोर बसले. गंगुबाई सोबत असत. भिवा यांनी काहीही चोरून पाहिलं नाही. ते लपून पाहतात असं मी मंडपासमोर सर्वांच्या देखत सांगितलं, ते खोटं होतं. वडिलांच्या भीतीने आणि ते महार आहेत हे ऐकल्यावर आपलंच खरं धरलं जाईल हे माहीत असल्याने मी ते बोलले. त्यांची नोकरी आणि नाव माझ्या खोट्याने गेलं."

शेवटचं वाक्य लिहायला मला चार दिवस लागले, पण कोणाच्याही सांगण्यावरून ते गाळू नकोस. दादाच्या सांगण्यावरून तर नाहीच.

आता कोणाला काय द्यायचं ते नीट वाच.

पहिली प्रत सुभद्राबाईंची. त्यांना वाचता येत नसेल, तर आनंदाकडून वाचून घेऊ दे, तू वाचू नकोस. त्यांच्या घरातल्या माणसाच्या तोंडून ते यायला हवं. वाचून झाल्यावर त्या जे बोलतील ते मला जसंच्या तसं कळव, शिव्या असल्या तरी.

दुसरी राजारामची. तू ज्या शेडमध्ये ते बोललीस, तिथेच, तितकीच माणसं हजर असताना द्यायची. भिंतीला चिकटवायची का नाही ते त्याने बघावं.

तिसरी दत्तूदादाची. लेखी मागितलं होतं, हे लेखी. एक मेला गल्लीत झेंडा लागेल, माणसं जमतील. तेव्हा त्याने ती गणपतीचा मंडप लागतो त्याच जागी उभं राहून वाचावी. तो नाही म्हणाला, तर तू वाच. तुझा आवाज वर्गातला आहे, शेवटच्या बाकापर्यंत जातो.

भिवांसाठी वेगळी प्रत केलेली नाही.

चौथी पाकिटात घातलेली नाही. ती शामरावांची. आत्ता ते जागे झाले आहेत, उशी पाठीशी लावून देते आणि त्यांच्यासमोर बसून वाचते.

नलू